भांडायला कुणीतरी हवं
शेअर बाजाराच्या चॅनेलने त्या तोंडाळ पंडिताला काढून टाकलं, तेव्हा बिल्डिंगच्या ग्रुपवर जल्लोष झाला, "सुटलो एकदाचे!" आमच्या घरात मात्र तोंडं उतरली. बाबा आयुष्यभर बँकेत होते; अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेलेली. फक्त हा माणूस टीव्हीवर थापा मारायला लागला की संतापून "खो... खो..." एवढं तरी म्हणायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, "भांडू द्या, तोच व्यायाम." आता त्याच्या जागी कुणी गोडबोल्या आला आणि बाबा मुकाट भिंतीकडे बघत बसले. आईने बाबांचा जुना टाय गळ्यात अडकवला आणि टीव्हीसमोर पंडितासारखे हात नाचवत ती ओरडली, "डोळे मिटून शेअर घ्या! पैसे दुप्पट!" बाबा लालबुंद झाले. "खो... खोटं! साफ खोटं!" आईचे डोळे भरले, पण हात थांबले नाहीत. "दुप्पट कसले, तिप्पट!"