कडेचं नाव

सुलभा नेर्लेकर. म्हातारे शिंपी भार्गव पोरे यांना डोळ्यातल्या नव्या भिंगाच्या कडेला हे नाव सतत दिसे. अशा भिंगावर ते कारखान्यात मोजणाऱ्याचं नाव कोरायची पद्धतच होती. म्हणून ते आभार मानायला पेढे घेऊन कारखान्यात तिच्याकडे आले.

"ताई, उभी शिवण लख्ख दिसते. आडवी तेवढी पुसट. वय झालं, दुसरं काय. शिलाई मशीन विकून टाकलं."

सुलभाची मान खाली गेली. भिंगाची वक्रता एकदा मोजली, की ते पाव फेरा फिरवून आडव्या दिशेनेही मोजायचं असतं. काकांच्या भिंगाच्या वेळी मध्येच जेवणाची सुट्टी झाली, म्हणून तिने पहिलाच आकडा दोनदा लिहिला होता.

"काका, भिंग काढून परत मोजू या," ती कशीबशी म्हणाली.

"तुमचं नाव आहे ना त्यावर? मग मोजायचं काय राहिलं?" म्हणत त्यांनी पेढा पुढे केला.