शिसवाच्या चिपळ्या

या मंडळी, जरा जवळ सरका. एका करवतीने सूर धरला, त्याची गोष्ट सांगतो.

यशवंतपूरच्या लाकडाच्या वखारीत त्र्यंबक विजेच्या जुन्या गोल करवतीपुढे उभा होता. ती भरधाव फिरे आणि कापता कापता शिसव जाळी. तिच्यावर जन्मभर राबलेला मल्लाप्पा महिन्यापूर्वीच गेला. आपण जपलेल्या शिसवाच्या चिपळ्या मारुतीच्या देवळात कीर्तनाला वाजाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. कीर्तन आज संध्याकाळी होतं आणि न जळलेला तुकडा एकच उरला होता.

"स्वल्प हळू फिरवा हो अण्णा," मल्लाप्पाची बायको अंबूबाई म्हणाली. "हाही जाळलात, तर बुवांच्या हाती काय कोळसे देणार?"

त्र्यंबकने मल्लाप्पाची शिस्त पाळली. आधी फ्यूज काढून खिशात टाकला, मगच यंत्राला हात लावला. वेग उतरावा म्हणून करवतीच्या दांड्यावर मोठी पुली बसवली, पट्टा चढवला, हाताने फिरवून पाहिला. मग विठ्ठलाचं नाव घेऊन खटका दाबला.

करवत संथ फिरू लागली. तिची किंचाळी उतरली आणि खर्जात घुमू लागली.

अंबूबाईने पदर तोंडाशी नेला. "हे तर यांचं गुणगुणणं!"

शिसव अलगद कापलं गेलं. ना धूर, ना डाग. त्र्यंबकने दोन तुकडे एकमेकांवर वाजवले, खणखणीत बोलले.

"साधलं, अक्का! आज बुवांना रंग चढणार!"

हसत हसत त्याने रुमालासाठी खिशात हात घातला. बोटांना फ्यूज लागला, गारगार.

करवत गातच होती.

तुमच्या देवळात चिपळ्या वाजतील, तेव्हा आमच्या मल्लाप्पाची तेवढी आठवण ठेवा.