आवडाचा निबंध

दौतीतली शाई दर आठवड्याला साधारण तांदळाच्या दाण्याएवढी खाली जात होती. आवडाचा निबंध तेवढाच पुढे सरकत होता. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरांनी ‘आमचे गाव’ हा विषय दिला होता. इकडे डोंबिवलीहून तिला स्थळ आलेलं. लग्न ठरलं की शाळा सुटणार. तिचा बाप काळुराम होय म्हणेना आणि नाहीही म्हणेना. “निबंद पुरा होऊं दे, मंग बगू.”

दर शनिवारी आवडा ओटीवर बसून आठवड्याचं लिखाण वाचायची आणि सगळं कोपरी गाव गोळा व्हायचं. मिठागरावरच्या सखुबाईचं नाव आलं, तशी तिची जाऊ रुसली. नाथाकाकाचा बैल आला, तर शेजारच्या आनंदाने म्हैसच अंगणात आणून उभी केली. “हिला पन लिव गो, लय गुनाची हाय!”

आवडाने हसत हसत म्हैसही लिहिली.

काळुराम दाराशी चिलीम ओढत फक्त एवढंच विचारायचा, “आता किती ऱ्हायला?”

आणि एका शनिवारी आवडाने बोरू खाली ठेवला. “संपला, आबा. सगळी कोपरी आली.”

काळुरामने चिलीम बाजूला ठेवली.

 

“सगळी? म्हस आली, मंग मी कुटं हाय? डोंबिवलीला निरोप धाडा, पोरगी रिकामी नाय. मना लिवाया तिला दोन-तीन वरसं तरी लागतील.”