सतरा नंबरचं मशीन

सतरा नंबरचं घर खोटं बोलत होतं, आणि त्याला पकडायला ऋतुजा नवतपाच्या नऊ जाळत्या दिवसांतल्या भर दुपारी दोन वाजता निघाली होती. तोंडाला दुपट्टा, डोक्यावर हेल्मेट, खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून आईनं कोंबलेला. शहराच्या उष्णतेवर पीएचडी करणाऱ्या पोरीला खिशात कांदा ठेवायची लाज वाटत होती, पण फेकायची हिंमत नव्हती.

हुडकेश्वरच्या पलीकडे विणकरांच्या जुन्या वस्तीत तिनं चाळीस घरांमध्ये काडेपेटीएवढी मशीनं लावली होती. घर आतून किती तापतं ते मोजायला. मशीन भिंतीवर, डोक्याच्या उंचीला. दर रविवारी ती दारात उभी राहायची आणि आत न जाता तिथूनच मोबाईलवर आकडे उतरवून घ्यायची. दुपारी एकोणचाळीस घरं बेचाळीस-त्रेचाळीस दाखवायची. सतरा नंबरही आधी तेच दाखवायचं. अठरा दिवसांपूर्वी मात्र ते धाडकन एकतीसवर आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. वर टिनाचं छप्पर, घरात कुलर नाही, आणि एकतीस!

सकाळी तिच्या गाईड सरांनी सांगितलं होतं, "मशीन काढून आण. कोणी चाळा केला असेल तर एका घरावर भागणार नाही. चाळीसही घरं संशयात जातील. मग पुढच्या मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून."

चाळा म्हटलं की त्या गल्लीत एकच नाव. शालिकराम. कोपऱ्यावर कुलर दुरुस्त करायचा. वय पन्नास, अक्कल भरपूर, पण सगळी वाकड्या कामात. एप्रिलमध्ये यानंच बायांना सांगितलं होतं की ज्याचं घर सगळ्यात गरम निघेल त्याला फुकट कुलर भेटणार. तीन बायांनी मशीनखाली शेगड्या पेटवल्या. एका घराचा आकडा एकसष्टवर गेला. तो अख्खा आठवडा ऋतुजानं रडत रडत कापून टाकला होता.

स्कुटी थेट त्याच्या दुकानापुढं थांबली.

"काका, सतरा नंबरचं मशीन कुठं दडवलं? माठात की फ्रिजमध्ये?"

"मायची आन मॅडम, मी हात नाही लावला."

"तुम्ही नाही तर कोण?"

"हात नाही लावला," शालिकराम डोकं खाजवत म्हणाला. "तोंड चालवलं असन थोडंसं."

पुढचं ऐकायला ऋतुजा थांबली नाही. ती तरातरा सतरा नंबरात घुसली. मागून हाही आला. भिंतीवर नुसता खिळा होता.

"रंभाबाई, मशीन कुठंय?"

म्हातारी रंभाबाई जमिनीवर बसली होती. तिला गुडघ्याखाली पायच नव्हते. पाय जमिनीत गेले होते. शेजारी सून रीना, तीही तशीच.

"हळू बोल वं माय," रंभाबाई म्हणाली. "निजून राहिली थे."

तो मागाचा खड्डा होता. माग विकून दहा वर्षं झाली होती. पूर्वी रंभाबाई या खड्ड्यात पाय सोडून बसायची, पायांनी माग चालवायची, आणि सूत तुटू नये म्हणून आतली माती रोज भिजवायची. गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापले खड्डे बुजवून वर टाईल्स लावल्या. हिनं बुजवला नाही, आणि रोज तांब्याभर पाणी शिंपायची सवयही सोडली नाही.

खड्ड्यात लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीत एक इवलीशी पोर मुठी सोडून झोपली होती. तिच्या उशाशी, पांढऱ्या सुतानं बांधलेलं, ऋतुजाचं मशीन. तीस पूर्णांक नऊ.

ऋतुजानं चपला काढल्या, ती काठावर बसली आणि पाय आत सोडले.

बाहेर सेहेचाळीस. डोक्याशी बेचाळीस. आणि तळपायांना देवळाच्या गाभाऱ्यातला गारवा. तो हळूहळू पिंढऱ्यांवर चढला, गुडघ्यांपर्यंत आला. दोन वर्षं ती पुस्तकांतून हीच गोष्ट वाचत होती, आणि अंगाला पहिल्यांदा कळत होती.

फोन थरथरला. सर.

"निघालं का खोटं?"

"नाही सर," ती कुजबुजली. "सतरा नंबर खरं आहे. आपण भिंत मोजत होतो. माणसं खाली बसली आहेत."

फोन ठेवून तिनं विचारलं, "पण आजी, मशीन इथं काहून बांधलं?"

"या शालिकनंच तं सांगतलं. लेकराले गरमी झाली का मशीन मॅडमले खबर करते, अन् मॅडम धावत येते." रंभाबाईनं झोळीला हलका झोका दिला. "मागच्या साली पल्याडच्या गल्लीत एक लेकरू गरमीनं गेलं, माय. कोणी धावलं नाही. म्हणून रीनाची ही खुशी दवाखान्यातून घरी आली, त्याच दिवशी बांधलं तिच्या उशाशी."

ऋतुजानं वळून पाहिलं. शालिकराम छपराकडे पाहत होता.

"गंमत केली होती मॅडम," तो पुटपुटला.

सरांनी मशीन काढून आणायला सांगितलं होतं. ऋतुजानं सुताची गाठ सोडली नाही, अजून एक मारली. मग चुलीतला कोळसा घेऊन रिकाम्या खिळ्याखाली, मोठ्या आकड्यांत, आपला मोबाईल नंबर लिहिला. शालिकराम आ वासून पाहत राहिला. आयुष्यभर मारलेल्या थापांपैकी एक त्याच्या डोळ्यांदेखत खरी होत होती.

रंभाबाईनं मशीनकडे पाहिलं, मग घामानं निथळणाऱ्या ऋतुजाकडे.

"पण माय, पोट्टी तं गार हाय. मंग तू आज एवढ्या उन्हात काहून धावत आली?"

"गार आहे म्हणूनच, आजी."