आमेन म्हटल्यावर

“माझ्यामागे प्रार्थना म्हणा,” चर्चच्या सभेत पाळक म्हणाले. सगळ्यांबरोबर मीही हात वर करून ती म्हटली. “मनापासून म्हटली असेल, तर तुमचं तारण झालं, स्वर्ग तुमचा!” मी रडतच डोळे उघडले. पुढच्या सतरंजीवर माझा धाकटा भाऊ नथनेलही रडत होता. शेताच्या बांधावरून भांडलो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. परवा त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि मला आमंत्रण नव्हतं.

माझी बायको मार्था कुजबुजली, “अहो, त्याचंही तारण झालं. आता स्वर्गात शेजारी बसाल, का तिथंही बांध घालाल?”

“प्रार्थना म्हटली ना मी? आणखी काय करू?”

“उठा.”

मी उठून त्याच्यापुढे गेलो. “नथू, बांध तुला हवा तिथं घाल, पण माझ्याशी बोल.”

“दादा, मी मघाशीच उठत होतो, पण गुडघा आखडलाय. हात दे.”

मी त्याला ओढून उभं केलं. त्याने हात सोडलाच नाही. “घरी चल. मोठे बाबा आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, म्हणून पोरगी अडून बसलीय.”

आम्ही चपला शोधेपर्यंत मार्था त्याच्या घराच्या वाटेला लागली होती.