पानाची खालची बाजू

"दोन्ही काचा सिलतऱ्याच्याच आहेत, कुमुदताई. तुमच्या घरचं पान कुठं गेलं?" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता यामिनी मॅडमनी विचारलं.

कुमुदला राग आला. रायपूरच्या या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ती एकोणीस वर्षं काचा तयार करत होती. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, कॉलेजला नवी इमारत आली, चार मॅडम आल्या आणि बदलून गेल्या. कुमुदच्या हातून चिठ्ठीची अदलाबदल एकदाही झाली नव्हती. तरी ती वाद घालत बसली नाही. झाली असेल चूक, पुन्हा करते, म्हणाली आणि पिशवीतून उरलेली पानं काढली.

पानं जास्वंदीची होती, आणि दोन्हीकडची जास्वंद एकच होती. सिलतऱ्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत असताना तिनं दारात लावलेलं झाड आजही तिथं उभं होतं, काळंमिट्ट. दीड वर्षापूर्वी क्वार्टर सोडताना तिनं त्याचीच एक फांदी आणली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या घराच्या खिडकीखाली खोचली. एक झाड धुरातलं, एक धुराबाहेरचं. मॅडमच्या धुरावरच्या अभ्यासाला याहून चांगली जोडी मिळाली नसती. ती कुमुदनंच सुचवली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

क्वार्टर सोडलं ते लेकीसाठी, अनुश्रीसाठी. पोर नऊ वर्षांची, आणि छाती म्हाताऱ्या माणसासारखी वाजायची. हिला या धुरातून काढा, नाहीतर पुढचं मला विचारू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. भट्टीवरची पर्मनंट नोकरी सोडून शालिग्राम, कुमुदचा नवरा, पंडरीच्या कापडबाजारात दुसऱ्याच्या दुकानात उभा राहिला. आता आणखी कुठं जायचं म्हटलं, तर ना जागा होती ना बळ.

इथं येऊनही अनुश्रीचा खोकला थांबला नव्हता. पण कुमुदचा भरवसा डॉक्टरांपेक्षा जास्वंदीवर होता. सकाळी उठली की आधी ती अनुश्रीच्या खिडकीशी जायची. पानं हिरवीगार असायची.

"पान खोटं नाही बोलत," ती नवऱ्याला आणि लेकीला सांगायची. "हवा चांगली हाय इथली. लागन थोडा वेळ, पण पोट्टी बरी होईन."

दोघंही मान डोलवायची. शालिग्राम तर तिच्या आधीच उठून स्कूटर पुसायला बाहेर गेलेला असायचा. त्याचं काळं झालेलं ओलं फडकं रोज दोरीवर वाळत असे. एवढी सेवा होऊनही ती जुनी स्कूटर काही उजळली नव्हती, आणि त्यावरून कुमुद त्याला चिडवायची.

तिनं घरचं पान उलटं केलं. जास्वंदीचं पान श्वास घेतं ते जास्त करून खालच्या अंगानं. तिथल्या बारीक छिद्रांचा ठसा काढायचा असतो. तिनं त्या अंगावर बिनरंगी नेलपॉलिश लावलं, वाळू दिलं, वर चिकटपट्टी दाबली आणि अलगद सोलून काचेवर बसवली. या वेळी चिठ्ठी आधी डकवली आणि मगच डोळा लावला.

छिद्रं भरलेली होती. एकेकाच्या तोंडात काळी कणी घट्ट बसली होती, सिलतऱ्याच्या पानात होती तशीच. तिनं दुसरं पान घेतलं, मग तिसरं. मग एक पान हातात धरून नुसतंच पाहिलं. वरून लख्ख. खालून बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. कुणी पुसल्याशिवाय वरची बाजू अशी राहणं शक्य नव्हतं. तिला दोरीवरचं फडकं आठवलं.

काच बरोबर आहे, हे घरचंच पान आहे, असं तिनं मॅडमना सांगितलं. मॅडमनी पुन्हा एकदा डोळा लावला.

"मग स्वच्छ पान आणायचं कुठून?" त्यांनी विचारलं.

कुमुदनं उरलेली पानं पिशवीत परत ठेवली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पहाटे शालिग्राम उठला, तशी थोड्या वेळानं तीही उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. स्कूटर कोपऱ्यात धूळ खात होती. शालिग्राम बादली घेऊन जास्वंदीपाशी बसला होता. एकेक पान तळहातावर घेऊन, गिऱ्हाइकापुढं भारी कापड ठेवावं तसा जपून पुसत होता, फक्त वरून. कुमुदनं काय बोलायचं ते ठरवलं होतं. पोट्टीले काहून फसवून राहिले तुम्ही, इतकंच. तिच्याच श्वासाचा प्रश्न आहे, तिला खरं कळलं पाहिजे. तिनं पाऊल उचललं.

तेवढ्यात खिडकी उघडली. अनुश्रीचा बारीक हात बाहेर आला. हातात फडकं होतं, काळं झालेलं. खोकल्याची उबळ तिनं दुसऱ्या हातानं तोंडातच दाबली, आणि मग नेहमीसारखं हिंदीतच, पण अगदी हळू म्हणाली,

"पापा, खिड़की के पासवाले मैंने कर दिए. जल्दी करो, मम्मी उठने वाली है."

कुमुद पाय न वाजवता मागे फिरली, पांघरुणात शिरली आणि आपली उठायची वेळ होईपर्यंत डोळे मिटून पडून राहिली.