पुढचे भाग

मोबाईलच्या पडद्यावरचा कंदीलवाला मुलगा अजून पुलावर उड्याच मारत होता, संगीतही खेळकर चाललं होतं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी मान भिंतीकडे फिरवली.

पुढच्याच क्षणी पूल तुटला. मुलाचा बोलका बगळा धुक्यात खाली गेला, तो वर आलाच नाही.

तिनं मोबाईल थांबवला.

दोघांची डायलिसिसची मशीनं घरघरत होती. नळीतून रक्त बाहेर जायचं, धुऊन निघायचं आणि पुन्हा दंडात यायचं. आठवड्यातून तीन सकाळी दोघं अशी शेजारी शेजारी, एकेक हात उशीवर बांधल्यासारखा ठेवून बसत. ती शाळेत चित्रकला शिकवायची. काका बसचे कंडक्टर होते, आता निवृत्त. ही जपानी ॲनिमे मालिका तिनंच शोधून काढली होती. काका तिला कार्टूनच म्हणत. नियम मात्र काकांचा होता, एका फेरीला एक तिकीट. एका वेळी एकच भाग बघायचा आणि उरलेले तास त्यावर वाद घालायचा. घरी चोरून पुढचं बघायचं नाही. एखादं व्रत पाळावं तसा तिनं तो पाळला होता. आज मात्र सकाळपासून काकाच भाग लावायचं टाळत होते.

"काका, तुम्ही पुढचं बघितलंत."

"छे गं."

"बगळा पडायच्या आधीच तोंड फिरवलंत. मी वर्गात रोज कॉप्या पकडते, मला नका शिकवू."

काका हसले. हसू मधेच विरलं. "पकडलंस, मास्तरीणबाई. बघितलं सगळं. शेवटापर्यंत."

"सगळं? अहो, अजून ढीगभर भाग आहेत!"

"दोन दिवस जागचा हललो नाही. सून म्हणाली, बाबांना खूळ लागलं."

तिला आधी नुसता राग आला, लहान मुलीला येतो तसा. "एवढी कसली घाई होती?"

काकांनी उशीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. टोचून टोचून शिरा दोरासारख्या जाड झाल्या होत्या.

"सोमवारपासून मी येत नाही. अर्धवट टाकून जायचं जिवावर आलं, म्हणून उरकून घेतलं."

तिला कळायला वेळ लागला नाही. या खोलीत तो कुणालाच लागत नसे. मशीन सोडलेलं माणूस फार दिवस काढत नाही. थोड्याच दिवसांत त्याच्या खुर्चीवर कुणा नव्याची चादर दिसते.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, विचार करा. केला."

"आणि घरी?"

"रडून झालं त्यांचं." काका हळू बोलत होते, शेवटचा थांबा आल्यावर झोपलेल्या उतारूला उठवावं तसं. "थकलो गं. सुई टोचून घ्यायची, घरी जाऊन पडायचं, जरा उठून बसतोय तोवर पुन्हा सुई. पाणीसुद्धा घोट मोजून. किती दिवस?"

ती काहीतरी शहाण्यासारखं बोलायला गेली. भावाची किडनी तिला जुळत नाही असं कळलं, त्या दिवशी काकांनी तिला किती समजावलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता तोंडाशी येईना. आलं ते भलतंच.

"आणि माझ्या शेजारी कोण बसणार?"

आवाज एवढा चढला की समोरच्या रांगेत दोघांनी माना वर केल्या. तिचा हात वाकला आणि मशीन किंचाळायला लागलं. सिस्टर धावत आल्या, नळी सरळ केली. "हात हलवायचा नाही, किती वेळा सांगायचं?" तिला रागावून त्या काकांकडे वळल्या. काकांची वेळ भरली होती. त्यांनी चिकटपट्टी सोडवायला घेतली.

"लाव ना," काका तिला म्हणाले. "पुढे फार छान आहे."

"मी नाही बघणार."

"मग शेवट ऐक तरी. बघून संपलं आणि खोलीत मी एकटा. सांगू कुणाला? तसाच पोटात घेऊन फिरतोय."

"सांगायचा नाही!" डोळे पुसायला तिला मोकळा हात एकच होता आणि त्यात मोबाईल होता. "मी बघीन तेव्हा तुम्ही शेजारी बसायचं. माझं तोंड कसं होतं ते बघायचं. नाहीतर मी हे पुन्हा लावणारच नाही. त्या पोराला राहू दे तिथेच, तुटक्या पुलाच्या टोकाला, रडत."

"हट्ट करू नकोस. अर्धं वर्ष जाईल त्यात."

"जाऊ दे."

सिस्टरनी सुई काढली, कापूस ठेवला. "दाबून धरा. आणि काका, सोमवारी सकाळचीच वेळ ठेवू ना?"

अंगठ्यानं कापूस दाबून काका खाली बघत राहिले. तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती, पण आवाज फुटत नव्हता.

"काका?" सिस्टरनी पुन्हा विचारलं.

"एका वेळी दोन भाग नाही का चालणार?" काका म्हणाले. सिस्टरना नव्हे, तिला.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"एकच," ती म्हणाली.